कांचनजुंगा इतकं लांब का?

दार्जिलिंगच्या टायगर हिलवर पहाटे हवा स्वच्छ असली, की कांचनजुंगा अगदी समोर दिसतं. सरळ रेषेत अंतर जेमतेम ८० किलोमीटर. पण याच डोंगराच्या पायथ्याशी चढाईसाठी जायचं म्हटलं, तर भारतीय गिर्यारोहकाला सरहद्द ओलांडून नेपाळमध्ये शिरावं लागतं, खाचखळग्यांच्या घाटरस्त्याने ताप्लेजुंग जिल्हा गाठावा लागतो आणि पुढे आठवडाभराहून जास्त पायपीट करावी लागते. भारताच्या ताब्यातलं सर्वोच्च शिखर, आणि चढाईचं शुल्क भरायचं नेपाळ सरकारला.

उंची ८५८६ मीटर. जगात तिसरा क्रमांक. दुसऱ्या क्रमांकाच्या के-टूपेक्षा फक्त २५ मीटर कमी. आठ हजार मीटरच्या वरची जगात चौदाच शिखरं आहेत, आपल्याकडचे गिर्यारोहक त्यांना अष्टहजारी म्हणतात. त्यांत एव्हरेस्टवर आता एकेका मोसमात शेकडो माणसं पोचतात. कांचनजुंगावर त्याचा अगदी लहानसा हिस्सा. लोकांचा समज असा, की उंची वाढली की अवघडपणा वाढतो. इथे तो हिशोब चुकतो. एव्हरेस्टपेक्षा हे २६० मीटरहून अधिक बुटकं आहे, तरी शेवटच्या दिवसाची चढाई एव्हरेस्टपेक्षा मोठी. कांचनजुंगा माणसाला दमवतं ते अंतराने: पायथ्यापर्यंतचं अंतर, शेवटच्या कॅम्पपासून माथ्यापर्यंतचं अंतर आणि मदत जिथून यायची त्या जागेपर्यंतचं अंतर.

सरहद्द नेमकी कुठून जाते?

कांचनजुंगा म्हणजे एक सुळका नव्हे. पाच शिरांचा हा पर्वत आहे. मुख्य शिखर, दक्षिण आणि मध्य ही तीन शिखरं भारत-नेपाळ सीमेवर आहेत. पश्चिमेचं यालुंग कांग, म्हणजे ८५०५ मीटरचं शिखर, आणि त्याच्या पलीकडचं कांगबाचेन ही दोन पूर्णपणे नेपाळमध्ये येतात. मुख्य शिखरापासून चार दिशांना चार धारा उतरतात, अधिक चिन्हासारख्या. त्यांच्या मधल्या चार कोपऱ्यांत चार हिमनद्या: ईशान्येला झेमू, आग्नेयेला तालुंग, नैर्ऋत्येला यालुंग आणि वायव्येला कांचनजुंगा हिमनदी. हे चार कोपरे डोक्यात पक्के बसले, की पुढचं सगळं सोपं जातं. झेमू आणि तालुंग सिक्कीमच्या बाजूला, यालुंग आणि कांचनजुंगा हिमनदी नेपाळच्या.

सीमारेषा या पर्वताच्या उत्तर-दक्षिण धारेवरून जाते, कारण तीच पाणलोटाची रेषा आहे. १८१६ च्या सुगौली तहाने आणि १८१७ च्या तितालिया तहाने नेपाळ, सिक्कीम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातली इथली हद्द ठरत गेली. डोंगराळ मुलखात पाणी कुठे वाहतं यावर हद्द ठरवणं सोयीचं असतं. खांब रोवायला कुणी वर जावं लागत नाही. धारेच्या पश्चिमेला पडलेला बर्फ वितळून तमोर नदीत जातो, तिथून सप्तकोशीत आणि बिहारमध्ये गंगेत. पूर्वेला पडलेला बर्फ तीस्तेत जातो आणि बांगलादेशात ब्रह्मपुत्रेला मिळतो. एकाच माथ्यावरचं हे पाणी दोन वाटांनी शेकडो किलोमीटर हिंडून शेवटी बांगलादेशातच एकत्र येतं.

हीच धार उत्तरेला जोंगसोंग शिखरापर्यंत जाते. ७४६२ मीटरच्या त्या शिखराजवळ भारत, नेपाळ आणि चीन तिघांच्या सीमा मिळतात. दक्षिणेला ती काब्रू, राथोंग करत सिंगालीला रांगेत उतरते. संदकफूचा ट्रेक केलेली मंडळी याच सरहद्दीवरून कधी भारतात, कधी नेपाळमध्ये चालत असतात. एकाच दिवसात मोबाइलवर दोन देशांचं नेटवर्क येतं ते त्यामुळे.

भारताच्या बाजूने का जाता येत नाही?

सिक्कीमच्या लोकांसाठी हा पर्वत म्हणजे राखणदार देवता आहे. पांग ल्हाबसोल या सणात तिची पूजा होते. त्याच दिवशी लेपचा आणि भूतिया या दोन समाजांनी घेतलेल्या बंधुत्वाच्या शपथेचं स्मरण केलं जातं, आणि या शपथेचा साक्षीदारही हा पर्वतच. त्यामुळे माथ्यावर पाय ठेवायचा नाही हा आग्रह जुना आहे.

२५ मे १९५५ रोजी चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश मोहिमेतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड शिखरावर पोचले. सिक्कीम तेव्हा वेगळं संस्थान होतं आणि चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजाला, दिलेल्या शब्दाप्रमाणे दोघं माथ्याच्या काही फूट अलीकडेच थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर वर गेले, तेही तिथेच थांबले. ही प्रथा पुढच्या अनेक मोहिमांनी पाळली. म्हणूनच या शिखराच्या नोंदी वाचताना 'माथ्याच्या किंचित खाली' असं लिहिलेलं दिसलं, तर चढाई अपुरी राहिली असं समजायचं नाही.

सिक्कीम १९७५ मध्ये भारतात विलीन झालं आणि दोनच वर्षांनी कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराची मोहीम झेमू हिमनदीकडून ईशान्य धारेवर चढली. या धारेवर पाउल बाउअर यांच्या जर्मन मोहिमा १९२९ आणि १९३१ मध्ये हरल्या होत्या. बर्फाचे मनोरे एकावर एक, आणि प्रत्येकातून वाट कोरून काढायची. ३१ मे १९७७ रोजी मेजर प्रेमचंद आणि नाईक नीमा दोर्जी शेर्पा माथ्याशी पोचले. १९५५ नंतर बावीस वर्षांनी झालेली ही मुख्य शिखराची दुसरीच चढाई, आणि भारताच्या बाजूने पहिली. कर्तृत्व म्हणून ही चढाई १९५५ च्या पंगतीला बसते. आपल्याकडे तिचं कौतुक फारच कमी झालं.

२००० च्या सुमारास एका परदेशी मोहिमेला मिळालेल्या परवानगीवरून सिक्कीममध्ये गदारोळ उठला आणि २००१ मध्ये राज्य सरकारने पवित्र स्थळ म्हणून या शिखराच्या चढाईवर बंदी घातली. तेव्हापासून पूर्वेकडची बाजू बंद आहे. ती बाजू खांगचेंदझोंगा राष्ट्रीय उद्यानात येते. २०१६ मध्ये युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर निवडलेलं हे भारतातलं पहिलंच स्थळ.

बंदीचा एक परिणाम सहसा कुणी बोलून दाखवत नाही. नेपाळकडून चढलेला माणूस वर अडचणीत सापडला, तर पूर्वेकडे उतरणं हा पर्यायच उरत नाही. तिकडे ना दोर, ना कॅम्प, ना माणूस. ज्या वाटेने वर गेलो त्याच वाटेने खाली.

पायथ्यापर्यंत

बहुतेक मोहिमा यालुंगच्या, म्हणजे नैर्ऋत्य बाजूने जातात. काठमांडूहून विमानाने भद्रपूर, तिथून इलाम, फिदीम करत ताप्लेजुंग. भारतातून जाणाऱ्याला बागडोगरा-सिलिगुडीहून काकडभिट्टा नाक्यावरून जाणं जवळचं पडतं, पण परवान्याची कागदपत्रं काठमांडूतच होत असल्याने निदान म्होरक्याला तिथे हजेरी लावावीच लागते.

पायवाट साधारण यांफुदिनपासून सुरू होते. आधी दमट जंगल, जळवा, दरडी कोसळलेल्या उतारांवरची निसरडी वाट. लासिया भंज्यांग ही ३३०० मीटरची खिंड ओलांडून पुन्हा तोरतोंगला खाली उतरायचं. मग सेराम ३८७० मीटरवर, रामचे ४५८० वर. रामचेच्या पुढे ओक्तांग, आणि तिथून यालुंग हिमनदीच्या दगडगोट्यांच्या राशीतून साधारण ५५०० मीटरवरचा बेस कॅम्प. कागदावर हा शेवटचा टप्पा छोटा दिसतो, प्रत्यक्षात सगळ्यात कटकटीचा तोच. वाट दरवर्षी बदलते, कारण खालचा बर्फ सरकतो आणि वरचे दगड त्याच्याबरोबर. एप्रिलच्या सुरुवातीला ताजा बर्फ पडला, की ३० किलोचं ओझं घेतलेले हमाल रामचेपाशी अडकतात. मग गिर्यारोहक बेस कॅम्पवर आणि दोर मागे तीन दिवसांवर, अशी गंमत होते. शहाणे म्होरके म्हणूनच तंबू, रॉकेल-गॅस आणि आठवडाभराचं खाणं पहिल्या तुकडीबरोबर पाठवतात. ऑक्सिजन नंतर आला तरी चालतो, त्याची गरज तीन-चार आठवड्यांनी पडते.

हल्ली काही गट हेलिकॉप्टरने थेट वर उतरतात. वेळ वाचतो, पण शरीराला सवय व्हायला लागणारे दिवसही त्यातच कापले जातात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवावा, हा नियम कुठल्याही डॉक्टरला विचारा, तोच मिळेल. ताप्लेजुंगहून उडून एका दिवसात ५५०० मीटरवर उतरणाऱ्याने तो पुरता मोडलेला असतो.

वरची वाट

कॅम्प एक साधारण ६२००, कॅम्प दोन ६४००, कॅम्प तीन ६८००-६९००, कॅम्प चार ७२०० ते ७४०० मीटर. मोहिमेगणिक शे-दोनशे मीटर इकडेतिकडे. पहिल्या दोन कॅम्पांदरम्यान हिमभेगांचा आणि वरून सुटणाऱ्या हिमप्रपाताचा धोका. तिथून पहाटे लवकर पार व्हायचं, ऊन चढायच्या आत. कॅम्प तीनच्या वर मोठी हिमभिंत लागते, जुमार (दोरावर फक्त वरच सरकणारी पकड) लावून स्थिर दोरावरून चढायची. ती संपली की विस्तीर्ण हिमपठार, ग्रेट शेल्फ. कॅम्प चार याच पठारावर किंवा त्याच्या आसपास.

आणि इथेच या डोंगराची खरी मेख आहे. एव्हरेस्टवर शेवटचा कॅम्प साउथ कोल या खिंडीत, ७९०० मीटरच्या वर लागतो. तिथून माथा साधारण ९४० मीटर. कांचनजुंगावर कॅम्प चार ७३०० धरला, तर माथा राहतो जवळजवळ १३०० मीटर. एक तृतीयांशाहून जास्त चढाई जादा, तीही अतिविरळ हवेत. १९५५ च्या ब्रिटिशांनी हा तिढा ओळखून आणखी वर, सुमारे ८२०० मीटरवर, सहावा कॅम्प लावला होता. ब्राउन आणि बँड तिथून सकाळी सव्वाआठला निघाले आणि पावणेतीनला पोचले. आज तो वरचा कॅम्प कुणी लावत नाही. लावायचा तर तंबू, दोर, ऑक्सिजन सगळंच वर न्यावं लागतं, शेर्पांच्या फेऱ्या वाढतात, खर्च वाढतो. त्याऐवजी संध्याकाळी किंवा रात्री निघून रात्रभर चढायचं, असा शिरस्ता पडला आहे. या उंचीवर ऑक्सिजन लावूनही तासाला ९०-१०० मीटर चढला तर माणूस चांगला चालतोय म्हणायचं. म्हणजे वर जायलाच १३-१४ तास. उतरायला सहा-सात. एकूण वीस तासांच्या पुढे उभ्या उतारावर, झोपेशिवाय.

हिमपठारावरून गँगवे नावाचा उताराचा बर्फाळ पट्टा मुख्य शिखर आणि यालुंग कांग यांच्या मधल्या खिंडीकडे चढत जातो. त्या पट्ट्यावरून योग्य ठिकाणी उजवीकडे खडकांत वळायचं. चूक होते ती इथेच. लवकर वळलं तर बंद खडकांत अडकायला होतं: ब्राउन आणि बँड नेमके असेच लवकर वळले आणि त्यांचा दीड तास फुकट गेला. वळण चुकवून सरळ वर गेलं तर माणूस खिंडीकडे भरकटतो आणि मुख्य शिखर उजव्या हाताला राहून जातं. ही जागा सहसा अंधारात येते, आदल्या वर्षीचे दोर बर्फाखाली गेलेले असतात किंवा भलतीकडचे जुने दोर दिसत राहतात. जुना दोर दिसला म्हणजे वाट तीच, असं धरून चालणं इथे महागात पडतं. दिवसाउजेडी खालच्या कॅम्पवरून या भागाचे फोटो काढून वळणाची खूण आणि तिची उंची प्रत्येकाच्या अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) नोंदवून ठेवणं, हा साधा उपाय; तोच बरेच गट टाळतात.

वळल्यावर खडक आणि बर्फ यांची सरमिसळ. बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे लोखंडी दात खडकावर घासत चढायचं, पाऊल नीट बसत नाही. अगदी वर, माथ्याच्या खाली एक उभी भेग आहे. जो ब्राउन त्या काळचा निष्णात खडक-चढाईवीर, त्याने ऑक्सिजनचा प्रवाह वाढवून ती भेग चढली. दुसऱ्या दिवशी हार्डी आणि स्ट्रीदर जरा पुढे वळून गेले, तर त्यांना बर्फाचा सोपा उतार मिळाला. तेव्हापासून लोक त्याच बाजूने जातात.

दोराचं गणितही वेगळं. एव्हरेस्टवर दोर लावण्याची व्यवस्था लागलेली असते, दरवर्षी ठरलेली पथकं ते काम करतात. कांचनजुंगावर मोसमात मोजकेच गट. ते आपापसांत ठरवतात की कोणी किती मीटर आणायचे आणि कुणाचे शेर्पा कुठपर्यंत लावणार. एक गट उशिरा आला, किंवा खालच्या भिंतीवर अपेक्षेपेक्षा जास्त दोर खर्ची पडला, की वर आठ हजारांच्या पुढे दोर संपतो. मग खालचे दोर काढून वर न्यायचे, म्हणजे आणखी दोन दिवस आणि हवामानाची संधी हातची गेली.

ऑक्सिजनचा हिशोब

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. कांचनजुंगाच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. सिलिंडर लावल्याने माणूस समुद्रसपाटीवर येत नाही. काही हजार मीटर खाली आल्यासारखं वाटतं, इतकंच.

सर्रास वापरात असलेला सिलिंडर चार लिटरचा, ३०० बार दाबाने भरलेला. चार गुणिले तीनशे, म्हणजे १२०० लिटर वायू. मिनिटाला दोन लिटरने दहा तास, चार लिटरने पाच तास. आता वरचा दिवस मांडून पाहू. कॅम्प चारवर आठ तास विश्रांती, अर्धा लिटर प्रवाहाने: २४० लिटर. चढाई चौदा तास, अडीच लिटरने: २१०० लिटर. उतार सात तास, दोन लिटरने: ८४० लिटर. बेरीज ३१८०. तीन सिलिंडरचे ३६०० लिटर. उरले ४२० लिटर, म्हणजे दोन लिटर प्रवाहाने साडेतीन तास. एवढीच काय ती शिल्लक. कुणी धापा लागल्या म्हणून चढताना प्रवाह चारवर ठेवला, तर चौदा तासांत ३३६० लिटर एकट्या चढाईलाच जातात आणि कॅम्प चारवरचे २४० धरले, तर माथ्यावरून उतरताना हाती काहीच राहत नाही. म्हणून अनुभवी मोहिमा माणशी चार सिलिंडर धरतात आणि एकेक शेर्पाच्या वाट्याचे वेगळे मोजतात. शेर्पाच्या सिलिंडरचा हिशोब कागदावर न करणारी मोहीम आपल्या गिर्यारोहकांचाच हिशोब चुकवत असते.

गेजचा, म्हणजे सिलिंडरवरच्या दाबमापकाचा, एक घोळ दरवर्षी होतो. काठमांडूत २० अंशांना ३०० बार दाखवणारा सिलिंडर कॅम्प चारवर उणे २० अंशांना साधारण २६० दाखवतो. गळती झालेली नसते. थंडीत सायकलच्या टायरची हवा उतरल्यासारखी वाटते, तेच हे. वायू तेवढाच आहे, दाब घटलाय. मात्र २६० च्या जागी २०० दिसले तर रेग्युलेटर (प्रवाह कमी-जास्त करणारा भाग) काढून वॉशर तपासायचा. रबरी वॉशर थंडीत कडक होतो, नीट न बसल्यास सी-सी आवाज करत वायू निसटतो. दोन जादा वॉशर आणि गटात निदान एक जादा रेग्युलेटर वरच्या कॅम्पवर हवाच.

मास्कचं दुखणं वेगळं. श्वासातली वाफ झडपेवर गोठते, श्वास जड होतो आणि माणसाला वाटतं सिलिंडर संपला. दर अर्ध्या तासाने मास्क हाताने दाबून बर्फ मोडायचा. सिलिंडर बदलण्याचा सराव बेस कॅम्पवर जाडे हातमोजे घालून, डोळे मिटून करावा. गँगवेवर अंधारात हातमोजा काढून आटे लावणाऱ्याची बोटं काही मिनिटांत बधिर होतात. हिमदंशाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. वाटेत ठेवलेला सिलिंडर दोराच्या खुंटीला अडकवून, तिची उंची लिहून ठेवायची. उघड्यावर ठेवलेला सिलिंडर दोन तासांच्या भुरभुर बर्फात दिसेनासा होतो.

हवामान

चौदा अष्टहजारींमध्ये कांचनजुंगा सगळ्यात पूर्वेचं. बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या दमट वाऱ्यांना वाटेत फारसा आडोसा नाही, त्यामुळे बर्फ जास्त पडतो आणि दुपारी ढग लवकर दाटतात. हिवाळाभर माथ्यावरून जोरदार जेट वारे वाहतात. मे महिन्यात ते उत्तरेकडे सरकतात आणि पावसाळा यायच्या आत काही दिवस वारा पडतो. हीच ती संधी, वेदर विंडो. पूर्वेला मान्सून आधी पोचतो, त्यामुळे ही खिडकी इथे अरुंद. त्यात मे म्हणजे उपसागरातल्या चक्रीवादळांचाही महिना. मे २०१९ च्या सुरुवातीला फनी वादळ ओडिशाच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा नेपाळ हिमालयातल्या मोहिमांनाही थांबावं लागलं होतं.

अंदाज वाचताना गावाच्या नावाचं पान बघून उपयोग नाही. अंदाजात उंची हवेच्या दाबाने, हेक्टापास्कलमध्ये दिलेली असते: ४०० हेक्टापास्कल म्हणजे साधारण सव्वासात-साडेसात हजार मीटरची पातळी, कॅम्प चारची. ३०० हेक्टापास्कल नऊ हजारांच्या वर. माथा या दोन्हींच्या मध्ये, म्हणून दोन्ही पातळ्यांचे वारे बघायचे आणि वाईट आकडा खरा धरायचा. ताशी ३० किलोमीटरच्या आत वारा असलेले सलग दोन दिवस लागतात: एक चढायला, दुसरा उतरायला. चढाई वीस तासांची असल्यामुळे एका दिवसाची संधी इथे पुरत नाही. एव्हरेस्टची सवय झालेले लोक हे विसरतात. शिवाय वारा नाही पण आदल्या दोन दिवसांत दोन फूट बर्फ पडलाय, अशी परिस्थिती असेल तर ग्रेट शेल्फवर गुडघाभर बर्फात वाट काढताना वेग निम्म्यावर येतो आणि वरचं सगळं ऑक्सिजनचं गणित कोसळतं.

उतरताना काय होतं?

मे २०१३ मध्ये शिखर गाठून उतरताना पाच जणांचा मृत्यू झाला. २०१९ च्या मोसमात बंगालचे दोन गिर्यारोहक उतरताना गेले. या डोंगरावरचे अपघात वाचत गेलं, की एकच नमुना पुन्हापुन्हा दिसतो: माथ्यावर दुपारी किंवा त्यानंतर पोचणं, वाटेत अंधार, सिलिंडर रिकामा, आणि कॅम्प चार अजून पाच-सहाशे मीटर खाली.

ऑक्सिजन संपला म्हणजे माणूस तिथल्या तिथे कोसळत नाही. आधी हातपाय गार पडतात, कारण शरीर रक्त आतल्या अवयवांकडे वळवतं. मग चाल मंदावते. मग निर्णय बिघडतात: 'जरा बसतो' असं म्हणून बसलेला माणूस उठत नाही. मेंदूला सूज आली असेल तर तोल जातो. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगायचं, झोकांडी गेली तर खाली उतरवणं हाच उपचार. डेक्सामेथासोनचं इंजेक्शन काही तासांची सवड देतं, तेवढ्यात उंची कमी करायची. फुप्फुसात पाणी साठलं तर बसूनही धाप लागते, छातीत बुडबुड ऐकू येते, खोकल्यात गुलाबी फेस येतो; त्यावर निफेडिपिन, ऑक्सिजन आणि पुन्हा उतरणंच. औषधं खिशात, अंगाजवळ ठेवायची. सॅकमध्ये ठेवलेलं इंजेक्शन गोठतं.

हेलिकॉप्टर बेस कॅम्पपर्यंत येतं, हवा साथ देत असेल तर आणखी वरही लांब दोर सोडून माणूस उचलता येतो. पण ७३०० च्या वर अडकलेल्याला आधी माणसांनीच खाली आणावं लागतं. एका बेशुद्ध माणसाला अशा उतारावरून उतरवायला सहा-आठ ताजेतवाने शेर्पा लागतात. एव्हरेस्टवर असे लोक शेजारच्या तंबूंत सापडतात. इथे सगळे गट बहुधा एकाच दिवशी माथ्याकडे गेलेले असतात आणि सगळेच थकलेले असतात. म्हणून परत फिरण्याची वेळ बेस कॅम्पवर लिहून ठेवतात, आणि ती सांगण्याचा अधिकार खाली वॉकीटॉकीवर बसलेल्या म्होरक्याकडे ठेवतात. वर असलेल्या माणसाला माथा दिसत असताना घड्याळ दिसत नाही.

हे सगळं जमवून आणलेलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या मोहिमेत, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, १५ मे २०१९ रोजी दहा जण शिखरावर पोचले. संस्थेचं ते सातवं अष्टहजारी. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी मे २०२२ मध्ये कांचनजुंगा गाठलं, तेव्हा पाच अष्टहजारी शिखरं चढलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

फक्त जवळून बघायचं असेल तर

चढायचं नसेल, तर सिक्कीमची बाजूही खुली आहे. युकसोमहून झोंग्री, थानसिंग करत गोएचा लाच्या वाटेवर ४६०० मीटरच्या आसपासच्या पहिल्या व्ह्यूपॉइंटवरून पहाटे शिखर दिसतं. नऊ-दहा दिवस हातात ठेवावेत. वाट राष्ट्रीय उद्यानातून जाते, त्यामुळे परवाना आणि स्थानिक वाटाड्या लागतो. नेपाळमध्ये ओक्तांगहून यालुंगची बाजू दिसते, तर घुन्सा, ल्होनाकमार्गे ५१४३ मीटरवरच्या पांगपेमाला गेलात तर उत्तरेची भिंत. दोन्ही एकाच फेरीत करायचं तर मधल्या खिंडी धरून तीन आठवडे लागतात. एप्रिलमध्ये गुरास (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेले असतात पण दुपारी ढग. स्वच्छ हवा हवी असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य. आणि कुठूनही बघा, सकाळी नऊच्या आत बघून घ्या. नंतर ढग चढतात.